उपग्रह सोडायला माणूस कशाला?

३० ऑगस्ट १९८३. फ्लोरिडात पहाटेचे अडीच वाजून गेलेले. वादळी पावसानं सतरा मिनिटं खोळंबा केला होता. मग चॅलेंजर यान उडालं आणि काही क्षण सगळं आभाळ दिवस उगवल्यासारखं उजळलं. अमेरिकेचं स्पेस शटल रात्री उडायची ही पहिलीच वेळ. नासाला रात्रीची हौस आली होती असं नाही. यानाच्या मालडब्यात आपला इन्सॅट-१बी बसवलेला होता, आणि त्याला ठरल्या जागी पोचवायचं गणितच असं होतं की उड्डाण अंधारात करावं लागणार होतं. उड्डाण रात्री, म्हणून उतरणंही रात्री. सहा दिवसांनी कॅलिफोर्नियातल्या एडवर्ड्‌स तळावर मध्यरात्र उलटल्यावर ते यान दिव्यांच्या उजेडात टेकलं.

आपल्याकडे हा प्रसंग 'अमेरिकेनं आपला उपग्रह सोडून दिला' एवढ्या एका ओळीत आटोपतो. मला त्या ओळीत न मावलेल्या पाच माणसांविषयी बोलायचं आहे, कारण आता आपणही माणसं वर पाठवायला निघालो आहोत. गगनयानला माझा विरोध नाही. ते उडेल त्या सकाळी मीही टीव्हीसमोर चहा गार करत बसलेला असेन. पण माणूस वर नेमकं काय करणार आहे हे आधी सांगा, आणि जे काम यंत्राला जमतं ते माणसाच्या नावावर खपवू नका, असं माझं म्हणणं आहे. शटलनं सुरुवातीच्या वर्षांत ही खपवाखपवी मनसोक्त केली.

त्या पाच जणांत रिचर्ड ट्रूली कमांडर, डॅनियल ब्रँडेनस्टाइन वैमानिक. शिवाय डेल गार्डनर, अंतराळात गेलेले पहिले आफ्रिकी-अमेरिकी गायन ब्लुफर्ड आणि विल्यम थॉर्नटन हे डॉक्टर. दुसऱ्या दिवशी ब्लुफर्ड आणि गार्डनर यांनी इन्सॅट सोडला. सोडला म्हणजे काय केलं? उपग्रह मालडब्यात एका गोल पाटावर बसवलेला होता, वर उन्हापासून आडोसा. आडोसा उघडला, पाट गरगर फिरवला, म्हणजे उपग्रह भोवऱ्यासारखा स्थिर राहतो. मग कुलपं सुटली आणि स्प्रिंगनं त्याला अलगद बाहेर ढकललं. यान बाजूला सरकलं, कारण पाऊण तासानं उपग्रहाच्या बुडाशी असलेली मोटर पेटायची होती आणि तिचा झोत काचांवर नको होता. माणसांनी कळफलकावर आज्ञा दिल्या, बटणं दाबली, खिडकीतून पाहिलं आणि फोटो काढले. हे काम सोपं होतं असं मी म्हणत नाही. पण बिनमाणसाची रॉकेटं हेच काम वीस वर्षं करत आली होती.

खरा पेच पुढेच आला. इन्सॅट-१बी छत्तीस हजार किलोमीटरवर पोचला आणि त्याचं सौर पंख धड उघडेना. शटल फिरत होतं जेमतेम तीनशे किलोमीटरवर. ज्या पाच माणसांनी त्याला हातानं सोडल्यासारखं सोडलं, ती त्याच्या वाऱ्यालाही पोचू शकत नव्हती. ५ सप्टेंबरला ती घरी परतलीसुद्धा. पंख उघडलं ते महिन्याच्या मध्यास, उपग्रह बनवणाऱ्या फोर्ड कंपनीच्या आणि आपल्या अभियंत्यांनी जमिनीवरून आज्ञा धाडून धाडून. आपलं नियंत्रण केंद्र होतं कर्नाटकात हासनला. उपग्रह वाचवायला माणसं लागली हे खरंच, फक्त ती हासनच्या खुर्चीवर बसलेली होती.

आणि वाचवणं किती गरजेचं होतं! आधीचा इन्सॅट-१ए एप्रिल १९८२मध्ये साध्या डेल्टा रॉकेटवरून गेला, एकामागून एक दुखणी काढत राहिला आणि सप्टेंबरात इंधन संपून कायमचा गप्प झाला. १बी गेला असता तर देशाची सगळी आखणीच कोलमडली असती. टेलिफोन, दूरदर्शन आणि हवामान ही तिन्ही कामं एकाच उपग्रहावर लादण्याचं धाडस आपण केलं होतं. तो चालला, नुसता चालला नाही तर सात वर्षं राबला. १९८४च्या सुमारास दूरदर्शननं देशभर कमी ताकदीची प्रक्षेपण केंद्रं उभारण्याचा धडाका लावला तो त्याच्याच जोरावर. तालुक्याच्या गावी एक मोठी तबकडी इन्सॅटकडे तोंड करून बसायची, आलेलं चित्र आजूबाजूच्या पंचवीसेक किलोमीटरांत वाटायची.

आमच्या घरी टीव्ही आला तो त्याच लाटेत. काका कौलांवर, आई दारात, आम्ही पोरं टीव्हीसमोर. "आलं का?" "मुंग्याच आहेत!" "आता?" "आलं, आलं... गेलं!" असा संवाद अर्धा तास चालायचा आणि त्यात दोन कौलं हटकून फुटायची. बातम्यांच्या शेवटी ढगांचं चित्र यायचं. आजोबा त्याच्याकडे संशयानं बघायचे, कारण चित्रात आमच्या डोक्यावर ढग असायचा आणि अंगणात ऊन. त्या कौलारू घरापासून फ्लोरिडाच्या त्या पहाटेपर्यंत सरळ धागा जातो, हे मला फार उशिरा कळलं. म्हणून त्या पाच जणांविषयी मला कृतज्ञता आहे. आणि म्हणूनच हा प्रश्न टोचतो: आमच्या छायागीतासाठी त्यांनी जीव धोक्यात घालायची गरज होती का?

धोका होता हे उतरल्यावर कळलं. शटलला उचलणाऱ्या दोन बाजूंच्या रॉकेटांपैकी एकाच्या नळकांड्याचं आतलं अस्तर भलतंच झिजलं होतं. हे अस्तर जळावं म्हणूनच असतं, पण अर्ध्याच्या आसपास उरायला हवं. इथे काही ठिकाणी जेमतेम पाच मिलिमीटर उरलं होतं. एका अंदाजाप्रमाणे आणखी चौदाएक सेकंद जळणं चाललं असतं तर नळकांडं फुटलं असतं. आणि या पाच जणांच्या अंगावर दाबाचे पोशाख नव्हते, बाहेर फेकणाऱ्या खुर्च्या नव्हत्या. शटलच्या पहिल्या चार चाचणी-उड्डाणांत दोन-दोन माणसं होती आणि दोघांनाही तशा खुर्च्या होत्या. मग चाचण्या संपल्याचं जाहीर झालं. यान 'नेहमीच्या कामाचं' ठरलं, माणसं वाढली आणि सुटकेची सोय गेली. एसटीच्या नव्या गाडीचे ब्रेक चार फेऱ्या नीट लागले म्हणून आपत्कालीन दार काढून तिथे बाक टाकावं, तसा हा प्रकार.

हे झालं कशामुळे? शटल विकताना नासानं सांगितलं होतं की हेच आता सगळ्यांचं वाहन. एकच यान वारंवार उडेल, म्हणून खर्च कमी, म्हणून साऱ्या जगाचे उपग्रह यातूनच जातील. हिशेब जुळायचा तर फेऱ्या भरपूर हव्यात, आणि फेऱ्या हव्यात तर गिऱ्हाइकं हवीत. नोव्हेंबर १९८२मध्ये कोलंबिया यानानं पहिल्यांदा पैसे घेऊन दोन उपग्रह सोडले, एक अमेरिकन कंपनीचा, एक कॅनडाचा. चौघा अंतराळवीरांनी तरंगत तरंगत फोटो काढला. हातात पाटी: एस मूव्हिंग कंपनी, जलद आणि सौजन्यपूर्ण सेवा, आम्ही माल पोचवतो! थोडक्यात, पॅकर्स अँड मूव्हर्स. विनोद झकास आहे, मलाही हसू येतं. पण टेम्पोच्या मागे असं लिहिणाऱ्या ड्रायव्हरला घरी परत यायची जेवढी खात्री असते, तेवढी या चौघांना नव्हती. त्यांच्या अधिकाऱ्यांना मात्र ती होती. चॅलेंजरच्या अपघातानंतर चौकशी आयोगावर असलेल्या रिचर्ड फाइनमन या भौतिकशास्त्रज्ञानं विचारणा केली, तेव्हा प्रत्यक्ष काम करणारे अभियंते धोका शंभरात एक सांगत होते आणि व्यवस्थापन लाखात एक. शेवटी शटल १३५ वेळा उडालं, दोन यानं गेली, चौदा माणसं गेली. अभियंत्यांचा अंदाजही थोडा आशावादीच ठरला म्हणायचा.

चॅलेंजरच्या त्या अपघातात एक गोष्ट अशी आहे की ती वाचल्यावर मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. इन्सॅटबरोबर त्याच फेरीत नासाचा स्वतःचा टीडीआरएस मालिकेतला दुसरा दळणवळण उपग्रहही जायचा होता. आधीच्या उपग्रहाच्या वेळी वर ढकलणाऱ्या रॉकेटानं दगा दिला, म्हणून हा काढून ठेवला. तो अखेर चढला २८ जानेवारी १९८६ला, त्याच चॅलेंजरवर. बाजूच्या रॉकेटाच्या सांध्यातल्या, थंडीनं कडक झालेल्या रबरी कड्यांनी घात केला, त्र्याहत्तराव्या सेकंदाला सगळं संपलं. सात माणसं, त्यात एक शाळाशिक्षिका, आणि मालडब्यात जो कुठल्याही बिनमाणसाच्या रॉकेटानं नेता आला असता असा एक उपग्रह. ऑगस्टमध्ये अध्यक्ष रेगन यांनी जाहीर केलं की यापुढे शटल व्यापारी उपग्रह नेणार नाही.

आपलाही एक जण त्या रांगेत उभा होता. इन्सॅट-१सी शटलवरून सोडायचं ठरलं होतं, १९८६च्या सप्टेंबरात, आणि सोबत एक भारतीय जायचा होता. इस्रोचे एन. सी. भट आणि पी. राधाकृष्णन नायर निवडलेही गेले होते. अपघातानं ते सगळं बारगळलं. १सी दोन वर्षांनी एरियान रॉकेटवरून गेला, एकही माणूस न घेता, आणि वर जाऊन विजेच्या बिघाडानं अर्धा मेला. तेव्हा बिनमाणसाचं म्हणजे बिनधोक्याचं, असला दावा मी करत नाही. फरक एवढा, की अर्ध्या मेलेल्या उपग्रहासाठी विमा असतो आणि नवा बनवता येतो.

आता मीच माझ्या विरोधात बोलतो, कारण त्याच फेरीत उलट पुरावाही आहे. डॉक्टर थॉर्नटन ५४ वर्षांचे होते, तोवर अंतराळात गेलेले सगळ्यांत वयस्क. १९६७मध्ये निवड झाली, सोळा वर्षं वाट पाहिली. त्यांना या फेरीत घालण्यात आलं ते अंतराळवीरांना वर गेल्यावर ओकाऱ्या होतात म्हणून. विनोद नाही, कोलंबियावरच्या त्या पाटीवाल्या फेरीत या आजारापायी अंतराळात चालणं एक दिवस लांबलं, मग पोशाखच बिघडले म्हणून रद्दच झालं. थॉर्नटन पोचल्यापासून सोबत्यांची आणि स्वतःची तपासणी करत राहिले, डोळे कसे फिरतात, कानातला तोल कसा बिघडतो. हे काम माणसाशिवाय कसं होणार? तिथे माणूस हाच नमुना होता.

बाकीचं सामान पाहा. साडेतीन टनांहून जड एक ॲल्युमिनियमचा डंबेल, यानाच्या यांत्रिक हाताला ओझं पेलतं का हे पाहायला. सहा उंदीर, त्यांच्यावर प्रयोग नाही, नुसता पिंजरा नीट चालतो का एवढंच. विजेच्या प्रवाहानं जिवंत पेशी वेगळ्या करणारं यंत्र, ज्यातून वर औषधं बनतील अशी एका कंपनीला आशा होती. पुढे त्या कंपनीचा इंजिनिअरच ते चालवायला अंतराळात गेला, पण जनुकीय तंत्रानं तेच काम जमिनीवर स्वस्तात होऊ लागलं आणि धंदा बसला. आणि दोन लाख साठ हजारांच्या आसपास टपाली पाकिटं, नासाच्या पंचविशीनिमित्त, प्रत्येकावर नऊ डॉलर पस्तीस सेंटचं तिकीट. ती परत आल्यावर विकली. पाकिटांना काय गरज होती अंतराळवीरांची, हे टपालखात्यालाच माहीत.

डंबेल मात्र हसण्यावारी नेऊ नका. यांत्रिक हाताचा तो सराव सव्वा वर्षात कामी आला. फेब्रुवारी १९८४मध्ये शटलनंच सोडलेले दोन उपग्रह, इंडोनेशियाचा पालापा आणि अमेरिकन कंपनीचा वेस्टार, बुडाची मोटर फसल्यामुळे नको त्या कक्षेत अडकले. इन्सॅटला होती त्याच जातीची मोटर. आपलं नशीब बरं. नोव्हेंबरात गार्डनर, हो, इन्सॅट सोडणारेच, जो ॲलन यांच्यासोबत पाठीवर जेटची बॅग बांधून बाहेर पडले. पालापाला यंत्राच्या पकडीत बसवायला केलेली चौकट बसेना. मग ॲलन यांनी तो उपग्रह कवटाळून डोक्यावर तोलून धरला, तासाहून जास्त वेळ, गार्डनर खालून नटबोल्ट आवळत होते. ठरलेला बेत फसल्यावर दोन माणसांनी हातांनी बेत बदलला. हे १९८४च्या कुठल्याही यंत्राला जमलं नसतं. दोघांनी मग 'विकणे आहे' अशी पाटी धरून फोटो काढला. दोन्ही उपग्रह खाली आणले, दुरुस्त केले, विकले, आणि एप्रिल १९९०मध्ये दोन्ही पुन्हा वर गेले. एक चीनच्या लाँग मार्चवरून, दुसरा डेल्टावरून. माणूस कुठे लागतो आणि कुठे लागत नाही, याचं याहून चोख उदाहरण मला माहीत नाही: पकडायला माणूस, पुन्हा सोडायला साधं रॉकेट.

आता घरच्याकडे वळू. सोडण्याच्या बाबतीत आपण शहाणेच राहिलो. फेब्रुवारी २०१७मध्ये इस्रोच्या एका पीएसएलव्ही रॉकेटनं १०४ उपग्रह सोडले, मोजायला वर कुणी नव्हतं. प्रयोगांच्या बाबतीत मात्र मला शंका येते. ३० डिसेंबर २०२४ला गेलेल्या पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्यावर, जो एरवी कचरा म्हणून फिरत राहिला असता, इस्रोनं चोवीस प्रयोग बसवले होते. त्यातल्या एका बंद डब्यात चवळीचे आठ दाणे. चार दिवसांत त्यांना मोड आले, मग पानं फुटली. कॅमेरा होता, ऑक्सिजन आणि तापमान मोजणारी यंत्रं होती, माणूस नव्हता. सहा महिन्यांनी, जून २०२५मध्ये, शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर गेले. राकेश शर्मांनंतर एकेचाळीस वर्षांनी आपला माणूस वर गेला, याचा आनंद मलाही झाला. त्यांच्याकडच्या सात भारतीय प्रयोगांत धारवाडच्या कृषी विद्यापीठानं दिलेले मूग आणि मेथी होते. त्यांनी ते भिजवले, मोड आले, फोटो काढले, फ्रीजरमध्ये ठेवले.

आमच्याकडे मोड आणायला कापडात बांधून रात्रभर ठेवतात, जवळ कुणी बसत नाही.

यावर उत्तर असं येतं की चवळी वरच राहिली, मूग-मेथी परत आली आणि आता तिच्या पुढच्या पिढ्या इथे वाढवून बघता येतील. मुद्दा बरोबर आहे. पण परत आणायला तरी माणूस हवाच का? जानेवारी २००७मध्ये इस्रोनं एक कुपी बारा दिवस कक्षेत फिरवून, आत दोन प्रयोग करून, बंगालच्या उपसागरात उतरवली होती. तो धागा आपण पुढे का नेला नाही, असा प्रश्न संसदेत किंवा वर्तमानपत्रात कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. शुक्लांच्याच यादीत स्नायूंच्या पेशींवरचा प्रयोग होता, जो हातमोज्यांच्या पेटीत हात घालून करावा लागतो. आणि खुद्द शुक्लांचं शरीर होतं, ज्याची नोंद आपल्या डॉक्टरांना चाळीस वर्षांत मिळाली नव्हती. बातम्यांत झळकली मात्र मेथी.

गगनयानचा खर्च सप्टेंबर २०२४च्या मंजुरीनंतर २०,१९३ कोटी रुपयांवर गेला आहे, त्यात पुढच्या अंतराळ स्थानकाच्या पहिल्या भागाची तयारीही आली. एवढ्या पैशात तिघांपर्यंत माणसं चारशे किलोमीटरवर, तीनेक दिवस. कशासाठी, याचं प्रामाणिक उत्तर माझ्या मते असं: माणूस सुखरूप नेऊन आणायचं तंत्र यावं म्हणून, आणि देश म्हणून आपल्याला ते करून दाखवायचं आहे म्हणून. ही दोन्ही कारणं मला पुरेशी वाटतात. अभिमान हे कारण असायला लाज कसली? पण ते कबूल करायचं सोडून 'वर अमुक संशोधन होणार, तमुक औषध सापडणार' असं सांगत सुटलं, की शटलचं झालं तेच होतं. मग फेऱ्या भराव्या लागतात, यादी फुगवावी लागते आणि तारखा पाळाव्या लागतात.

तारखांचं तर आपल्याला वेडच आहे. १५ ऑगस्ट २०१८ला लाल किल्ल्यावरून २०२२ ही मुदत जाहीर झाली होती. ती टळली आणि टळली तेच उत्तम. इस्रोला तारीख मोडता येते हे मला तिचं मोठं भांडवल वाटतं. २१ ऑक्टोबर २०२३ला श्रीहरिकोट्याला माणसांच्या सुटकेच्या यंत्रणेची चाचणी होती. उड्डाणाला पाच सेकंद उरले असताना संगणकानं सगळं थांबवलं. देशभर लोक टीव्हीसमोर बसलेले. अभियंत्यांनी कारण शोधलं, दुरुस्त केलं, दहा वाजता उडवलं आणि कुपी समुद्रात नीट उतरली. मुळात माणूस चढायच्या आधी सुटकेची यंत्रणा वेगळी उडवून बघणं, हेच शटलनं केलं नव्हतं. त्या पाच सेकंदांवर आपल्याकडे जितकं लिहिलं गेलं त्याच्या दसपट मेथीवर लिहिलं गेलं असेल.

रिचर्ड ट्रूली यांचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. चॅलेंजर गेल्यावर नासानं मानवी उड्डाणांची सगळी सूत्रं त्यांच्याच हाती दिली. मार्च १९८६मध्ये त्यांनी पुन्हा उडण्याच्या अटी लिहून काढल्या: उड्डाण दिवसाच, उतरणं दिवसाच, यानात फक्त नासाची माणसं, कुठलंही नवं धाडस नाही. आपल्या उपग्रहासाठी अंधारात उडालेला, अस्तराचे पाच मिलिमीटर उरलेले असताना वर पोचलेला माणूस हे लिहीत होता. शटल पुन्हा उडालं २९ सप्टेंबर १९८८ला, लख्ख उन्हात, साडेअकराच्या सुमारास. पाच जण, अंगात नारिंगी दाबाचे पोशाख.

मालडब्यात पुन्हा टीडीआरएसच होता.